सत्तरीपुढचं मणक्याचं फ्रॅक्चर: ऑपरेशनचा निकाल कशावर ठरतो? (सोलापूर परिसर)

मणकेवाला (धागाकर्ता)

सोलापूर जिल्ह्यातून आणि शेजारच्या धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून म्हातारे पेशंट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "या वयात ऑपरेशन झेपेल का?" त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, तो कुणी विचारत नाही: मोडलंय ते नेमकं कसं मोडलंय? कारण ऑपरेशनचा निकाल वयापेक्षा त्यावर जास्त ठरतो.

सगळ्यात जास्त दिसतं ते ठिसूळ हाडाचं दबलेलं फ्रॅक्चर. बाथरूममध्ये बसकण मारली, घागर उचलली, किंवा एसटीच्या मागच्या सीटवर बसून गतिरोधकावर आदळलं, एवढं पुरतं. डी-१२ (छातीचा शेवटचा) आणि एल-१ (कमरेचा पहिला) हे मणके पुढून पाचरीसारखे दबतात. मागची भिंत शाबूत असते, पायांत ताकद असते. यातले बहुतेक पेशंट औषधं, पट्टा आणि लवकर हालचाल यांवर ६ ते १२ आठवड्यांत बरे होतात. इथे ऑपरेशनची घाई नको.

दुसरा प्रकार म्हणजे दबलेला मणका जो जुळतच नाही. दोन-तीन महिन्यांनीही उठता-बसता कळ येते, आडवं पडलं की आराम वाटतो. आत पोकळी तयार झालेली असते, मणका उभं राहिल्यावर मिटतो आणि झोपल्यावर उघडतो. याला कुमेल डिसीज म्हणतात. यात सुईने मणक्यात वैद्यकीय सिमेंट भरण्याचा फायदा बऱ्यापैकी भरवशाचा असतो.

तिसरा, मणका फुटून हाडाचा तुकडा मागे मज्जारज्जूकडे सरकलेला. पाय लुळे पडत असतील, लघवी अडकली असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा असेल तर हा तातडीचा मामला. इथे "वय झालंय, राहू द्या" म्हणत चार दिवस घालवले की गेलेली ताकद परत येण्याची शक्यता झपाट्याने घटते.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. पाठ आधीपासूनच बांबूसारखी आखडलेली, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (सुजेने मणके एकमेकांना जुळणारा आजार) किंवा डिश (DISH, मणक्यांवर जास्तीचं हाड चढून ते जोडले जाणारा आजार). मधुमेही म्हाताऱ्यांत डिश पुष्कळ दिसतो. असा पाठीचा कणा हाडाच्या लांब नळीसारखा आडवा मोडतो, अगदी किरकोळ पडण्यानेही. एक्स-रेवर रेघ दिसत नाही, पेशंट चालत येतो, आणि दोन दिवसांनी पाय जातात. यात बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं.

मानेचा पाचवा प्रकार आहे, त्यावर कुणी विचारलं तर लिहितो.

रेडिओ_लक्ष

तपासण्यांबद्दल भर घालतो, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो.

नुसत्या एक्स-रेवर फ्रॅक्चर ताजं की जुनं ते ठरत नाही. एमआरआयमध्ये स्टिर नावाची मालिका असते, तिच्यात ताजा मणका पांढरा चमकतो. ज्याच्यात सूज दिसत नाही तो जुना, बरा झालेला मणका. त्यात सिमेंट भरून दुखणं जात नाही. रिपोर्टमध्ये तीन मणके दबलेले लिहिलेत म्हणून तिघांत सिमेंट, असं कुणी सुचवलं तर चमकतोय कुठला ते विचारा.

एमआरआयमध्ये आखडलेल्या पाठीची बारीक रेघ सुटू शकते. तिथे पूर्ण कण्याचा सीटी करा, पूर्ण म्हणजे पूर्ण. एका ठिकाणी मोडलंय तिथे दुसऱ्या ठिकाणीही मोडलेलं असू शकतं.

सीटी झालाच असेल तर हाडाची घनता फुकटात कळते. एल-१ च्या आतल्या मऊ हाडावर हाऊन्सफील्ड युनिट मोजायला सांगा. ११० च्या खाली आकडा म्हणजे हाड चांगलंच ठिसूळ. डेक्सा (हाडाच्या घनतेची नेहमीची तपासणी) वाईट नाही, पण म्हातारपणी कमरेच्या मणक्यांना आलेल्या हाडाच्या काट्यांमुळे आणि महाधमनीतल्या कॅल्शियममुळे डेक्साचा कमरेचा आकडा खोटाच चांगला दिसतो.

आणि प्रत्येक दबलेला मणका ठिसूळ हाडाचा नसतो. आपल्याकडे मणक्याचा टीबी आहे, मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर) आहे, स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या गाठी आहेत. डिस्क खराब होऊन शेजारचे दोन मणके खाल्लेले असतील तर टीबीचा संशय. रात्री झोपेतही दुखतं, वजन उतरलंय, ईएसआर १०० च्या आसपास, हिमोग्लोबिन कमी, अशा पेशंटचं सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (मायलोमासाठीची रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची) केल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिमेंट भरायचंच असेल तर त्याच सुईतून आधी हाडाचा तुकडा काढून बायॉप्सीला आणि जीनएक्सपर्टला (टीबीची तपासणी) पाठवा. फार तर दहा मिनिटं जास्त लागतात.

शेंगाचटणी

रॉड टाकला की माणूस परत उठतच नाही म्हणायलेत सगळे आमच्या पेठेत. खरंय का ओ हे? जाणकारांनी सांगावं.

मणकेवाला

@शेंगाचटणी, रॉडमुळे माणूस अंथरुणाला खिळत नाही. स्क्रू सुटल्यामुळे, आणि ऑपरेशननंतर त्याला न उठवल्यामुळे खिळतो. पहिल्याचं सांगतो, दुसऱ्याचं फिजिओवाले सांगतील.

ठिसूळ मणक्यात स्क्रू बसवणं म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीत खुंटी ठोकणं. त्या दिवशी घट्ट वाटते, वजन आलं की हलते. म्हणून ठिसूळ हाडात आखणीच वेगळी करावी लागते. मोडलेल्या मणक्याच्या एक वर एक खाली असा आखूड आधार तरुणांत चालतो, इथे दोन वर दोन खाली तरी लागतात. आखडलेल्या पाठीत तीन वर तीन खाली. स्क्रूला बाजूने छिद्रं असलेला प्रकार वापरून त्यातून प्रत्येकी एक ते दोन मिली सिमेंट सोडलं की पकड वाढते. पण सगळ्याच स्क्रूंमध्ये ओतायचं नाही, वरच्या आणि खालच्या टोकाच्या स्क्रूंमध्ये बहुतेकदा भागतं. जितकं सिमेंट जास्त तितका ते शिरेतून फुप्फुसात जाण्याचा धोका जास्त.

दुसरी गडबड म्हणजे रॉड जिथे संपतो त्याच्या लगेच वरचा मणका काही महिन्यांत दबतो आणि पेशंट पुन्हा पुढे वाकतो. रॉड पाठीच्या बाकाच्या ऐन शेंड्यावर संपवला की हे हमखास होतं. म्हातारपणी आलेला जुना बाक ऑपरेशनमध्ये सरळ करण्याचा हट्टही इथेच नडतो. अँकिलोझिंगच्या पेशंटला तर पूर्वी जसा वाकलेला होता तसाच ठेवून पक्का करायचा. सरळ केला की हाड उघडतं आणि मज्जारज्जू ताणला जातो.

शक्य तिथे छोट्या छिद्रांतून स्क्रू टाकावेत. स्नायू कमी फाटतात, रक्त कमी जातं. नस दाबली गेली असेल तर मात्र उघडावंच लागतं.

बाळीवेस_फिजिशियन

सिमेंटबद्दल थोडा थंडपणा हवा. २००९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या आल्या, ऑस्ट्रेलियातली ७८ पेशंटची आणि दुसरी १३१ पेशंटची. दोन्हींत निम्म्यांना खरंच सिमेंट भरलं, निम्म्यांना भूल देऊन नुसतं नाटक केलं. महिन्याभराने दुखण्यात फरक नाही. २०१८ च्या व्हर्टोस-४ या चाचणीतही वर्षभराने फरक दिसला नाही. बहुतेक फ्रॅक्चरचं दुखणं आपोआप कमी होतं आणि श्रेय सुईला जातं. शिवाय सिमेंटच्या कडकपणामुळे शेजारचा मणका दबतो ही तक्रार आहेच.

मणकेवाला

चाचण्या मान्य. पण २००९ च्या दोन्हींत वर्षभरापर्यंतचं दुखणं असलेले पेशंट घेतले होते. २०१६ च्या व्हेपर चाचणीत सहा आठवड्यांच्या आतलं फ्रॅक्चर आणि तीव्र दुखणं असलेले १२० पेशंट घेतले, तुलना नाटकाशीच होती. दोन आठवड्यांनी दुखणं दहापैकी चारच्या खाली आलं ते सिमेंटवाल्यांत ४४ टक्क्यांचं, नाटकवाल्यांत २१ टक्क्यांचं. म्हणजे निवड महत्त्वाची. शेजारच्या मणक्याचं म्हणाल तर एक मणका दबला की पुढच्या वर्षभरात पाचातल्या एकाला दुसरा दबतो, सिमेंट न भरताही. तो मूळ रोगाचा दोष.

माझा निकष सांगतो, पटला तर घ्या. ताजं फ्रॅक्चर, स्टिरमध्ये चमक, आणि नीट गोळ्या व पट्टा देऊनही पेशंट कूस बदलू शकत नाही किंवा जेवायला बसू शकत नाही, त्यामुळे छातीत कफ साचायला लागलाय, तर सहा आठवडे वाट बघण्यात अर्थ नाही. हळूहळू का होईना, काठीने संडासला जाऊ शकणाऱ्याला सिमेंट नको. मागची भिंत फुटून तुकडा नसेवर आला असेल, संसर्ग असेल किंवा रक्त पातळ असेल तरीही नको.

करताना: दाट झाल्यावरच सिमेंट सोडायचं, पेस्ट सुईच्या टोकाला लोंबता कामा नये. सी-आर्मवर (ओटीतलं एक्स-रे यंत्र) सतत बघत राहायचं आणि मणक्याच्या मागच्या चतुर्थांशात सिमेंट पोचलं की थांबायचं. छातीच्या मणक्यात साधारण दोन ते चार मिली, कमरेच्या चार ते सहा. पूर्ण भरायचा मोह नको. अवांतर: एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ओटीचा एसी दमला की सिमेंट लवकर घट्ट होतं, हातात मिनिटं कमी मिळतात. पावडर आणि द्रव आधी गार ठेवलेले बरे.

बाळीवेस_फिजिशियन

निवडीचं पटलं. नाटकाशी तुलना केलेल्या बाकीच्या चाचण्यांचं ओझं मात्र मी अजून जास्त धरतो. असो.

गुंगीवाला

भूलतज्ज्ञाच्या बाजूने. "वय ८२" हा आकडा आम्हाला फारसं सांगत नाही. पडण्याच्या आधीच्या महिन्यात पेशंट काय करत होता ते सांगा. स्वतः आंघोळ, बाजारात चालत जाणं, एक जिना चढणं जमत होतं का? ८२ चा शेतात फेरी मारणारा आजोबा ६८ च्या घरात भिंतीला धरून चालणाऱ्यापेक्षा ऑपरेशन चांगलं सोसतो. या शरीराच्या कमजोरीला फ्रेल्टी म्हणतात, एक ते नऊ असं तिचं माप आहे. सहा किंवा वर असेल तर नातेवाइकांशी स्पष्ट बोलूनच पुढे जायचं.

आधी बघायचं: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम, अल्ब्युमिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ईसीजी, धाप किंवा हृदयात आवाज असेल तर टू-डी इको. सोडियम कुणी बघत नाही. बीपीच्या गोळीत थायाझाइड असतं, उन्हाळ्यात जेवण कमी, सोडियम १२२, आणि चक्कर येऊन पडण्याचं मूळ कारण तेच. ते घाईने भरायचं नाही, २४ तासांत आठच्या वर चढवू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी, वॉरफरिन पाच दिवस आधी बंद करून आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) बघायचा. एपिक्साबान किंवा रिव्हारोक्साबान दोन ते तीन दिवस, किडनी खराब असेल तर जास्त. हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय स्वतः बंद करू नका, विशेषतः नुकताच स्टेंट टाकलेला असेल तर. पायांतली ताकद जात असेल तर या सगळ्यातून मार्ग काढून लवकर करावं लागतं, ते वेगळं.

एचबीए१सी आठच्या वर असेल तर जखम पिकण्याचा धोका वाढतो. तो आकडा आठवड्यात उतरत नाही. म्हणून रोजची साखर १८० च्या आत ठेवणं एवढंच हातात असतं.

वॉर्ड_सिस्टर

ऑपरेशन उत्तम झालं तरी तिसऱ्या रात्री आजी सलाईन उपटतात, मयत नवऱ्याला हाका मारतात, आणि घरचे म्हणतात भूल चढली. ती डेलिरियम (आजारपणात अचानक येणारा भ्रम) आहे. पुष्कळदा टाळता येते.

झोपेसाठी अल्प्राझोलाम नको. खाज येते म्हणून एव्हिलचं इंजेक्शन नको, त्याने म्हातारी माणसं हमखास भ्रमिष्ट होतात. लघवीची नळी पहिल्या-दुसऱ्या दिवशी काढा. चष्मा, कवळी, कानाचं मशीन सोबत आणा, घरी कपाटात ठेवून येऊ नका. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवे मंद. आणि आजी घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर ते बोलणारं माणूस जवळ ठेवा. घाबरलेल्या म्हाताऱ्याला शिकलेली मराठी आठवत नाही, आणि डॉक्टर "गोंधळलेल्या" असं लिहून मोकळे होतात.

अजून दोन. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन पडल्या दिवशी गावातच मारलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेल्या, बीपी-शुगरची औषधं चालू असलेल्या म्हाताऱ्याची किडनी त्याने बसते, आणि ऑपरेशन त्यामुळेच पुढे ढकललं जातं. पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीन-चारदा बरं, एकूण तीन ग्रॅमच्या आत. ट्रामाडॉल लागलंच तर अर्ध्या डोसाने. दुसरं, बद्धकोष्ठ. पहिल्या दिवसापासून लॅक्टुलोज सुरू करा, कुंथण्याने पाठीत कळ येते ती येतेच, शिवाय पोट फुगून जेवण बंद होतं.

फिजिओ_होटगीरोड

@शेंगाचटणी यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. स्क्रू पक्के बसले असतील तर पेशंटला दुसऱ्या दिवशी काठावर बसवायचं आणि जमलं तर वॉकरने उभं करायचं. सिमेंटवाला तर त्याच संध्याकाळी. "हाड जुळेपर्यंत दीड महिना झोपून" हा सल्ला म्हाताऱ्यांना न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या देतो.

उठवण्याची पद्धत: गुडघे वाकवा, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर आणा, पाय पलंगाखाली सोडत कोपराने वर. हाताला धरून सरळ ओढून बसवू नका, त्याने पाठ पुढे वाकते.

पट्टा: कमरेचा नुसता एलएस बेल्ट डी-१२ च्या फ्रॅक्चरला काही करत नाही. तिथे टेलर ब्रेस किंवा तीन ठिकाणी दाब देणारा ॲश ब्रेस लागतो. बसता-उठताना घालायचा, झोपताना काढायचा, आत सुती बनियन. मेमध्ये घामाने कातडी सोलते, रोज संध्याकाळी बघा. तीन महिन्यांच्या पुढे पट्टा म्हणजे स्नायू वाळवणं.

घरी: भारतीय संडासवर खुर्ची, जमिनीवर पंगत बंद, पलंग गुडघ्याच्या उंचीचा. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून पुढे वाकून बसतात, त्यांना परत कामाला बसायचंच असेल तर सूप टेबलावर आणि पाठीला टेका. योगाचा उत्साह असणाऱ्यांसाठी: पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सूर्यनमस्कार पूर्ण बंद. मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या ५९ बायकांच्या अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना नवं फ्रॅक्चर झालं, पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना. गट लहान होते, तरी फरक डोळ्यात भरतो.

सातरस्ता

वाखुसा (वाचनखूण साठवली). मानेच्या प्रकाराबद्दल पण लिहा की. आणि १०८ ची गाडी येईपर्यंत काय करायचं?

मणकेवाला

म्हातारपणी मानेचा दुसरा मणका, सी-२, त्याच्या वर आलेल्या दातासारख्या हाडाच्या बुडाशी मोडतो. तोंडावर पडलेला माणूस, कपाळावर टेंगूळ, मान वळवत नाही: हाच फोटो. डोक्याचा सीटी करून "मेंदू ठीक" म्हणत घरी पाठवतात, मानेचा सीटी राहून जातो.

इथे हाड जुळण्याचं प्रमाण म्हाताऱ्यांत कमीच. ६५ वर्षांपुढच्या १५९ पेशंटच्या अभ्यासात वर्षभरात मृत्यू ऑपरेशनवाल्यांत १४ टक्के, कॉलरवाल्यांत २६ टक्के. पण ऑपरेशनसाठी निवडलेले मुळात धडधाकट असतात, हे विसरून तो आकडा वाचू नये. खूप फ्रेल पेशंटमध्ये कडक कॉलर तीन महिने, हाड न जुळताही घट्ट तंतूंनी धरलं जातं आणि बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. डोक्यात स्क्रू घालून लावायचा हॅलो मात्र म्हाताऱ्यांना नको. गिळताना ठसका, न्यूमोनिया आणि पडणं.

गाडी येईपर्यंत: हलवू नका, उशी आपोआप काढू नका. ज्याची मान-पाठ आधीच पुढे वाकलेली आहे त्याला फळीवर सपाट केलं तर तिथेच पाय जातात. नेहमीच्या वाकात डोक्याखाली घड्या घालून आधार द्या, आणि "याची पाठ आधीपासून आखडलेली आहे" हे वाक्य गाडीवाल्यांना आणि कॅज्युअल्टीत दोन्हीकडे सांगा.

हाडघनता

सगळं वाचलं, एक गोष्ट राहिली. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियमची गोळी आणि "फॉलोअप १५ दिवसांनी" एवढंच असेल तर ऑपरेशन अर्धवट झालं असं समजा.

ड जीवनसत्त्व तपासा, कमी असेल तर ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. रोज नाही! रोज घेऊन कॅल्शियम चढलेले पेशंट येतात. मग हाडाचं औषध. दबलेले मणके दोन किंवा जास्त, किंवा स्क्रू बसवलेत, तर टेरिपॅराटाइड २० मायक्रोग्रॅम रोज पोटावर टोचून, जास्तीत जास्त दोन वर्षं. आधी रेडिएशन झालेल्यांना, हाडात कॅन्सर असलेल्यांना ते नको. संपल्यावर लगेच झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलीग्रॅम वर्षातून एकदा, नाहीतर कमावलेलं हाड निघून जातं. त्यासाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) ३५ च्या वर हवा, ड जीवनसत्त्व आधी भरलेलं हवं. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, पॅरासिटामॉल पुरतं.

किडनी खराब असेल तर डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी ६० मिलीग्रॅम, कॅल्शियमवर नजर ठेवून. पण ते मध्येच सोडलं तर एकामागून एक मणके दबू शकतात. सुरू करतानाच घरात कुणीतरी पुढची तारीख लिहून ठेवणारं आहे का ते बघा.

शेंगाचटणी

धन्यवाद सगळ्यांना. खर्चाचं काय?

वॉर्ड_सिस्टर

७० पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून आहे, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं, पाच लाखांचं कवच. त्याखालच्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजना. दोन्हींत ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राला गाठून त्या रुग्णालयात मणक्याचं पॅकेज आहे का आणि इम्प्लांट त्यात धरलंय का ते विचारा. एमआरआयची सीडी हरवू नका, मंजुरी त्यावर अडते.

सातरस्ता

टेरिपॅराटाइडचं पेन फ्रीजमध्ये ठेवायचं असतं ना? आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा?

हाडघनता

हो, दोन ते आठ अंश. तासा-दोन तासांनी काही होत नाही, फ्रीज उघडू नका. जास्त वेळ गेली तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून, त्यावर पेन. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं पेन फेकून द्यायचं. फ्रीजच्या दारातही नको, तिथे थंडी कमी-जास्त होते. टोचून झालं की सुई काढून ठेवा, सुई लावून ठेवली तर औषध गळतं. पेन उघडल्याची तारीख त्यावर लिहा, २८ दिवसांनी औषध उरलं असलं तरी नवीन घ्यायचं.